सिमेंटची नाली बांधण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पावसाच्या पाण्याचा विषय निघाला की ग्रामपंचायतीची मागणी ठरलेली असते: "मॅडम, नाली द्या." दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यात मी सतरा वर्षं स्थापत्य अभियंता म्हणून काम करते आहे. सुरुवातीची सहा-सात वर्षं मीही मागितली तशी नाली देत गेले. वरच्या पुऱ्यातलं पाणी सिमेंटवरून सुसाट निघायचं आणि खालच्या पुऱ्यात, जिथे मजुरी करणाऱ्यांची घरं असतात, तिथे उंबरठ्यावर चढायचं. काम पूर्ण झालेलं, बिल निघालेलं, आणि जुलैतल्या एका रात्री एक म्हातारी मला फोनवर विचारत होती, "पोरी, धान्याची कोठी कुठं हलवू?" त्या फोनपासून मी नालीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

गावपातळीवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी हे लिहिते आहे. गवती चर, पाणी मुरवणारे खोलगट वाफे, शोषखड्डे, गाळखड्डे, दगडी बांध, जुन्या तळ्याची दुरुस्ती या सगळ्याला प्रस्तावात ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतात. गावात काहीही म्हणा. यातली निम्मी कामं डिझाइनमुळे फसत नाहीत, वेळ चुकल्यामुळे फसतात. जमीन ओली असताना बघायची आणि कोरडी असताना खोदायची, हा क्रम आहे. आपल्याकडे मात्र मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा म्हणून फेब्रुवारीत घाईघाईने सर्व्हे होतो आणि कार्यारंभ आदेश हातात पडेपर्यंत मृग उजाडतो.

भर पावसात गाव चाला

पहिलं काम जुलै-ऑगस्टमधलं. पाऊस सुरू असताना गावात असायला हवं, थांबल्यावर जाऊन उपयोग नाही. सोबत टेप, गेरू, उभ्या कडांचा रिकामा डबा आणि एखादा गायकी. गावाची ढोरं चारणाऱ्या माणसाला प्रत्येक उतार पायाने माहीत असतो. नेर तालुक्यातल्या एका गावात मी नकाशा उघडून उभी होते, तेव्हा गायकी म्हणाला, "मॅडम, पानी नालीत जातच नाही. ते पांदनीनं येते न् शाळेमागं वळते. चला, दाखवतो." १:५०,००० च्या टोपोशीटवर (जमिनीचे चढ-उतार दाखवणाऱ्या नकाशावर) समोच्च रेषा उंचीच्या वीस-वीस मीटरला असतात. अख्खं गावठाण दोन रेषांच्या मध्ये मावून जातं. शाळेमागचं ते वळण मला कुठल्याच कागदावर सापडलं नसतं.

पांदण रस्त्याकडे खास लक्ष द्या. वर्षानुवर्षं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा फूट-दीड फूट खाली बसलेली असते. पावसात ती नाला होते आणि शेतातला गाळ थेट गावात आणते. गावातलं पाणी अडवण्याआधी हे बाहेरून येणारं पाणी वळवता येतं का, ते बघा. माझ्या किमान तीन गावांत नुसतं पांदणीच्या तोंडाशी पाणी ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीकडे वळवून अर्धा प्रश्न सुटला.

पावसात मोजायच्या गोष्टी दोनच. एक, पावसाचा जोर. तहसीलकडून मिळतो तो चोवीस तासांचा आकडा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी नोंदली जाते, पण ते ६५ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडले की पाऊण तासात कोसळले, हे त्या नोंदीत दिसत नाही. आपल्याला नेमकं तेच हवं असतं. उभ्या कडांचा डबा मोकळ्या जागी ठेवा, दहा मिनिटांनी पट्टीने पाणी मोजा. दहा मिनिटांत १२ मिलिमीटर भरलं तर जोर ताशी ७२ मिलिमीटर. दुसरी गोष्ट पाण्याचा वेग. दहा मीटर अंतरावर दोन खुणा करा, वरच्या खुणेपाशी कडुनिंबाचं पान टाका आणि सेकंद मोजा. आठ सेकंदांत पान खालच्या खुणेवर आलं तर वरच्या थराचा वेग सेकंदाला सव्वा मीटर. तळाशी पाणी हळू असतं, म्हणून त्याला ०.८ ने गुणायचं, म्हणजे सरासरी एक मीटर. एवढ्या वेगाला उघडी काळी माती वाहून जाते. तिथे नुकतं लावलेलं गवत एकटं तग धरणार नाही, दगड लागेल.

आणि बायांना विचारा. कुठल्या वर्षी पाणी चुलीपर्यंत आलं, कुठल्या भिंतीची ओल जात नाही, हे त्यांना तारखेसकट आठवतं. त्या दाखवतील तिथे भिंतीवर गेरूने रेघ ओढा, फोटो काढा. पुढे ऑक्टोबरात ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावाल तेव्हा याच रेघांच्या लेव्हल घ्यायच्या आहेत.

उन्हाळ्यातली काळी माती फसवते

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समाजमंदिराच्या मागे पाणी मुरवायचा एक मोठा वाफा करायचा होता. मे महिना. मी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतला, त्यात बादल्या ओतल्या, आणि दहा मिनिटांत पाणी गडप. मला वाटलं, काय जमीन आहे! त्याच आकड्यावर वाफ्याचा आकार काढला. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, वाफा काठोकाठ भरला आणि अकरा दिवस तसाच भरलेला राहिला. बाराव्या दिवशी शेजारच्या आजी स्टीलच्या ताटलीत ते पाणी घेऊन आल्या आणि ताटली माझ्यासमोर धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. आजी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाई, आमच्या घरी लहान लेकरू हाय."

झालं होतं असं. काळी कापसाची माती सुकली की आकसते आणि तिला भेगा पडतात. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. मेमध्ये मी ओतलेलं पाणी मातीत मुरत नव्हतं, भेगांतून पळत होतं. दोन पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती पाणी जवळजवळ सोडतच नाही. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे साठलेलं पाणी ४८ तासांत, फार तर तीन दिवसांत जमिनीत गेलंच पाहिजे.

आता मी चाचणी हस्ताचा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात घेते. उन्हाळ्यात घ्यावीच लागली तर खड्डा आदल्या दिवशी सकाळपासून पाण्याने भरत राहायचा, रात्रभर माती फुगू द्यायची, दुसऱ्या दिवशी मोजायला सुरुवात करायची. नीट मोजायचं असेल तर दोन कड्यांचं इन्फिल्ट्रोमीटर (पाणी मुरण्याचा वेग मोजायचं साधन), आतलं कडं ३० आणि बाहेरचं ६० सेंटिमीटर व्यासाचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी बाजूला पसरतं, त्यामुळे आतल्या कड्यातलं सरळ खाली जातं आणि वाचन खरं येतं. लागोपाठ तीन वाचनं सारखी आली की थांबा. माझ्या भागात ओल्या काळ्या मातीत मला ताशी २ ते ५ मिलिमीटरच मिळतात. खाली मुरूम लागला की तोच आकडा कितीतरी पटीने वाढतो. म्हणून प्रत्येक जागी ऑगरने (माती भोकायच्या गिरमिटाने) मुरूम किती खोल आहे ते बघते. कुठे दोन फुटांवर लागतो, कुठे आठ फुटांवरही नाही.

समाजमंदिरामागचा तो वाफा आम्ही पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडला. काळी माती साडेतीन फूट काढल्यावर मुरूम लागला. तळाशी ४० मिलिमीटरची गिट्टी, वर बारीक गिट्टी, त्यावर रेती, आणि सर्वांत वर रेती, पिवळी माती आणि शेणखत मिसळून नऊ इंचांचा थर. काढलेली काळी माती परत आत जाऊ द्यायची नाही. जेसीबीवाला सवयीने ढीग आत लोटतो, म्हणून ती त्याच दिवशी एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात पाठवायची. हलक्या जमिनीसाठी ती आनंदाने नेतात.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात काम असेल तर मुरवण्याचा नाद सोडा. तिथे माती चिकण, चोपण, आणि खालचं पाणी खारं. वरचं गोडं पाणी खाली घालवून पुन्हा उपशाला मिळत नाही. तिथे अस्तर लावलेली साठवण करा, छतावरचं पाणी टाकीत घ्या, आणि बाकीचं हळूहळू नाल्याला सोडा.

आणखी एक पथ्य. मुरवण्याची कुठलीही रचना विहीर किंवा हातपंपापासून किमान १५ मीटर दूर. गोठ्यावरून, उकिरड्यावरून येणारं पाणी तर मुरवायचंच नाही, ते गावच्या पिण्याच्या पाण्यात जातं. गावात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नालीतून वाहतं. ते शक्य तितकं घरापाशीच वेगळं करा: मोरीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत, पावसाचं चरात.

गणित थोडंच आहे

पाण्याचा कमाल प्रवाह काढायला रॅशनल सूत्र पुरतं: ओघाचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), ताशी मिलिमीटरमध्ये पावसाचा जोर आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. सहा हेक्टरचं गावठाण, गुणांक ०.५, जोर ६०, तर सेकंदाला अर्धा घनमीटर. चराची रुंदी आणि सांडवा या आकड्यावर ठरवा.

वाफ्याचा आकार मात्र या आकड्यावर ठरवू नका, नाहीतर अख्खा गाव खोदावा लागेल. वाफा पहिल्या १५ मिलिमीटर पावसासाठी करायचा. समजा दोन हजार चौरस मीटर छपरं आणि सिमेंट रस्ता आहे, गुणांक ०.८. पहिल्या १५ मिलिमीटरचं पाणी २४ घनमीटर, म्हणजे २४ हजार लिटर. पाणी साठण्याची खोली ठरते मुरण्याच्या वेगावर: ताशी ५ मिलिमीटर मुरत असेल तर ४८ तासांत २४० मिलिमीटर. मी २०० धरते. मग जागा लागली १२० चौरस मीटर, सव्वा गुंठ्याच्या आत. गावात एवढी जागा निघते, शाळेच्या कुंपणालगत, पाणीटाकीखाली, देवळामागे.

उरलेलं पाणी सांडव्याने बाहेर जाईल. तो सांडवा कुठे उघडतो, हे डिझाइनमधलं सर्वांत महत्त्वाचं. कुणाच्याही दारात, कुणाच्याही पेरलेल्या शेतात तो उघडता कामा नये.

जागा, ग्रामसभा, कागद

ई-क्लास जमीन कागदावर मोकळी असते, जागेवर क्वचितच. कुणाचं कुटार (सोयाबीनचा भुसा) पडलेलं, कुणाची झोपडी. मोजणी करून लोकांना हुसकावायचं आणि मग पर्यावरणाचं काम करायचं, हे मला पटत नाही. चर दोन वळणं जास्त घेईल, घेऊ दे.

ग्रामसभेत नकाशा दाखवून काही होत नाही. मी आदल्या दिवशी चुन्याने प्रत्यक्ष जागेवर आखणी करते आणि सभेनंतर सगळ्यांना घेऊन त्या रेघेवरून चालते. भांडण व्हायचं तर तेव्हाच होऊ द्या. एकदा एका काकाजींनी चुन्याची रेघ पायाने पुसली, कारण त्यांच्या खळ्याची वाट तुटत होती. आम्ही तिथे पाईप टाकून वाट ठेवली. जेसीबी आल्यावर हे झालं असतं तर काम वर्षभर अडलं असतं.

वेळेचं म्हणाल तर २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा. गावाच्या विकास आराखड्याची तयारी त्याच सुमारास सुरू होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला होता, त्यातला अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी संकलन, पाण्याचा पुनर्वापर यांना. माझी बरीच कामं यातून झाली. २०२० पासून सुरू झालेल्या, राज्य सरकारच्या पर्यावरणविषयक माझी वसुंधरा अभियानातही अशा कामांची दखल घेतली जाते, त्यामुळे सरपंचांना उत्साह येतो. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता हे डिसेंबर-जानेवारीत उरकलं तर खोदकाम मार्चमध्ये सुरू होतं. सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीही उपटून झालेली असते, मशीनला वाट मिळते.

अंदाजपत्रकात लागवड आणि पहिल्या वर्षाची निगा ही बाब वेगळी दाखवा. मातीकामात ती मिसळली की ठेकेदार मार्चमध्येच टँकरने पाणी मारून हिरवा फोटो काढतो आणि एप्रिलात सगळं जळून जातं. मला हे दोनदा अनुभवाला आलं. आता मी निविदेतच अट घालते: लागवडीचे चाळीस टक्के पैसे लावल्यावर, साठ टक्के दिवाळीनंतर, गवत जिवंत असेल तर. दोषदायित्वाच्या काळात (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत) निदान एक पूर्ण पावसाळा आलाच पाहिजे.

खोदताना इंचाला किंमत आहे

या कामात सगळं इंचांवर चालतं. रस्त्याच्या कडेपेक्षा वाफ्याचं तोंड दोन इंच खाली हवं. दोन इंच वर राहिलं तर पाणी शेजारून निघून जातं आणि लाखभर रुपयांचा वाफा कोरडा राहतो. गवत वाढतं, गाळ साठतो, तोंड आपोआप वर येतं, म्हणून मी तीन इंच ठेवते. काम सुरू होण्याआधी शाळेच्या ओट्यावर किंवा हातपंपाच्या चौथऱ्यावर पक्का बेंचमार्क (सगळ्या उंची जिच्यावरून मोजायच्या ती खूण) रंगवून घ्या. मिस्त्रीकडे पारदर्शक नळीची पाणलेव्हल असतेच. दर दहा मीटरला तीच धरून बघायला त्याला शिकवा, रोज तुम्ही तिथे नसता.

चराचा तळ शंभर मीटरला एक ते दोन मीटर उतरता, कडा एकास तीन किंवा त्याहून पसरट. काळ्या मातीत उभ्या कडा पहिल्याच झडीत ढासळतात. उतार जास्त असेल तिथे दर आठ-दहा मीटरवर गुडघ्याखाली उंचीचे दगडी आडवे बांध, मधला भाग कडांपेक्षा खोलगट, म्हणजे पाणी मधून जाईल, बाजूने कातरणार नाही. चरात पाणी शिरतं तिथे आधी गाळखड्डा: तीन बाय तीन फूट, दोन फूट खोल, तळ पक्का, फावडं घालून उपसता येईल असा. गाळखड्डा नसलेला एकही शोषखड्डा मला चौथ्या वर्षी चालू दिसलेला नाही.

ढोरांची वाट सोडा. रोज सकाळी शे-दोनशे जनावरं जिथून गावाबाहेर पडतात तिथे तुमचा चर आडवा गेला तर आठवड्यात त्याचा चिखल होईल. त्या जागी दहा-बारा फूट रुंद दगडी फरशी बसवा, पाणी वरून जाईल आणि खूरही.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. मजुरांचं काम पहाटे सहा ते अकरा, एवढंच. सावली आणि पिण्याचं पाणी यांची सोय ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका, स्वतः बघा.

गवत पेरणीबरोबर

गवत कधी लावायचं, हे शेतकरीच सांगतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. गवतालाही तोच लावा. चराच्या तळाला हरळी, तिच्या मुळ्या माती धरतात आणि ढोरांनी खाल्ली तरी ती फुटते. कडांना मारवेल किंवा पवन्या. बांधांच्या वरच्या अंगाला वाळ्याची ओळ, रोपं वीतभर अंतराने. जिथे ओल टिकते तिथे कर्दळ. काठावर जागा असेल तर करंज, जांभूळ, अर्जुन. बेशरम कुठेही दिसली तर मुळासकट काढा. तिची एक काडी नाल्यात रुजली की दोन वर्षांत नाला बंद.

भंडारा-गोंदियाकडे काम करणाऱ्यांनी आधी गावचा मामा तलाव बघावा. कोहळी समाजाच्या कारागिरीतून उभे राहिलेले हे मालगुजारी तलाव गावाचं पावसाचं पाणी शतकानुशतकं सांभाळत आले आहेत. तिथे नवं काही खोदण्याआधी तलावात पाणी आणणाऱ्या वाटा मोकळ्या करा आणि सांडवा दुरुस्त करा.

पोळ्याच्या आत पहिली सफाई

हस्तांतर करताना ग्रामपंचायतीला जाड फाईल देऊन काही होत नाही. मी एकच पान देते, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि ते कार्यालयाच्या भिंतीवर लावून घेते. गाळखड्डा मृगाआधी उपसायचा, पोळ्याच्या आत पुन्हा, दसऱ्याला शेवटचा. गाळ बचत गटाच्या परसबागेला. चरातलं गवत वर्षातून दोनदा कापायचं, जाळायचं नाही, कापलेलं गवत ज्याला हवं त्याने ढोरांना न्यावं. हे काम नेमकं कोण करणार त्याचं नाव आणि त्याला कुठल्या निधीतून पैसे मिळणार, हे ठरावात लिहून घेतल्याशिवाय मी अंतिम मोजमाप पुस्तकात सही करत नाही. यावरून माझ्यावर दबाव आला आहे, तरी मी सही केलेली नाही.

वाफ्यात एक लोखंडी खांब रोवा, त्यावर रंगाने तीन रेघा. वरची रेघ सांडव्याची पातळी. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी पाणी खालच्या रेघेच्या वर दिसलं तर वरचा थर बुजला आहे, तेवढा चार बोटं खरवडून रेती बदलायची. हे बघायला अभियंता लागत नाही, शाळेतली मुलं बघतात. आमच्या एका गावात सातवीची पोरं ही नोंद वहीत ठेवतात आणि मला फोटो पाठवतात.

आणि पहिल्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस आला की गाडी काढा. रात्र असली तरी. खालच्या पुऱ्यात जाऊन उभं राहा, गेरूच्या जुन्या रेघेपाशी टॉर्च धरा आणि या वेळी पाणी त्या रेघेच्या किती खाली थांबलं ते मोजून वहीत लिहा.